कृपा, विश्वास आणि कृती: ख्रिस्ती धर्मातला जुना प्रश्न आणि पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

दापोली तालुक्यातल्या बुरोंडीजवळ अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा पुतळा कोकणात फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक असतो. परशुरामाने बाण मारून समुद्राला मागे हटवलं आणि कोकणची जमीन मिळवली, ही कथाही सगळ्यांना माहीत असते. बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेकडे निघालं की लाडघर, कर्दे, मुरुड आणि मग हर्णै लागतं. त्याच्याही पलीकडे, सावित्री नदीच्या मुखाशी, बाणकोट. याच पट्ट्यात १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं काम सुरू झालं. पराक्रमाने मिळवलेल्या भूमीची कथा सांगणाऱ्या किनाऱ्यावर ही माणसं नेमकं उलटं सांगत होती: सगळ्यात मोठी गोष्ट मिळवता येत नाही, ती दिली जाते.

त्यांच्यातला पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल आला त्याच वर्षी मरण पावला. बाकीचे बाणकोट आणि हर्णै इथे राहिले, मराठी शिकले आणि त्यांनी आसपासच्या गावांत शाळा काढल्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आले, तेव्हा त्यांनीही मराठीचे धडे याच किनाऱ्यावर गिरवले. पुढे दापोलीत दुसऱ्या एका मिशनचं हायस्कूल निघालं. पां. वा. काणे आणि साने गुरुजी त्याच शाळेत शिकले. (दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत, हे वेगळं सांगायला नको.)

आता यात एक गंमत आहे. माणसाचं तारण त्याच्या पुण्यकर्मांनी होत नाही असं सांगणारी ही माणसं दिवसभर कामच करत होती. शाळा, दवाखाने, व्याकरणं, छापखाने. कर्माने काही साधत नसेल तर एवढा खटाटोप कशासाठी? हा प्रश्न मिशनऱ्यांच्या विरोधकांनी विचारला तसाच ख्रिस्ती लोकांनीही एकमेकांना विचारला आहे, तोही जवळपास दोन हजार वर्षं. त्यावरून युरोपात चर्च फुटलं. आणि महाराष्ट्रात एका बाईने तो प्रश्न स्वतःच्या आयुष्यात सोडवला.

तीन शब्दांचा अर्थ

कृपा म्हणजे लायकी न बघता दिलेली देणगी. बायबलचा नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, त्यात यासाठी ‘खारिस’ हा शब्द आहे. पगार ही कृपा नव्हे, कारण तो कामाचा मोबदला असतो. बक्षीसही कृपा नव्हे, कारण ते जिंकावं लागतं.

विश्वास, ग्रीकमध्ये ‘पिस्तिस’. याचा अर्थ ‘देव आहे हे मला पटतं’ एवढाच नाही. आपण एखाद्यावर विश्वास टाकतो, म्हणजे त्याच्यावर भार टाकून मोकळे होतो, त्या अर्थाच्या हा शब्द जवळ आहे.

कृती किंवा कर्मं म्हणजे माणूस प्रत्यक्ष जे करतो ते: दान, सेवा, उपवास, नियमपालन.

या तिन्हींचा संबंध ज्याच्याशी आहे तो शब्द म्हणजे तारण. बँकेत गेलो की तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेली वस्तू, सोनं किंवा सातबारा. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मात्र तारण म्हणजे तारून नेणं, पापातून सुटका. योगायोग असा की ख्रिस्ती शिकवणीत दोन्ही अर्थ थोडेफार चालतात. माणसाकडे गहाण ठेवण्यासारखं काहीच नाही आणि तरीही कर्ज माफ झालं आहे, असं ही शिकवण सांगते.

मराठी कानाला हे सहज पटत नाही, याचं कारण आपल्या म्हणींतच आहे. ‘करावे तसे भरावे’ ही एक. आणि कृपेवर विसंबून बसणाऱ्याची टर उडवणारी दुसरी: ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. ख्रिस्ती विचार या दोन्ही म्हणींच्या मधून वाट काढायला बघतो. पहिली पूर्ण खरी असेल तर कोणीच सुटत नाही, आणि दुसरी खरी मानली तर जगण्याला काही अर्थ राहत नाही.

येशूने सांगितलेला एक दाखला मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर लावतो. दुपारी आणखी काही लावतो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना नाक्यावर बसून राहिलेल्यांनाही बोलावतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखीच मजुरी ठेवतो. सकाळपासून राबलेले साहजिकच चिडतात. मालक म्हणतो, तुमचं ठरलेलं तुम्हाला पूर्ण मिळालं. मी दुसऱ्याला उदारपणे दिलं म्हणून तुम्हाला का खुपावं? रोजंदारीवर काम केलेल्या कोणालाही हा दाखला अन्यायाचा वाटेल. तो तसा वाटावा, असाच तो रचला आहे.

पौल आणि याकोब

वादाची मूळ कागदपत्रं दोन. एका बाजूला पौलाची पत्रं, दुसऱ्या बाजूला याकोबाचं छोटंसं पत्र. दोन्ही एकाच बायबलमध्ये आहेत.

पौल रोमकरांना आणि गलतीकरांना लिहितो की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे. इफिसकरांच्या पत्रातही, दुसऱ्या अध्यायात, हीच गोष्ट आहे: तारण ही देणगी आहे, कमाई नाही, त्यामुळे फुशारकीला जागाच नाही. याकोब मात्र त्याच्या दुसऱ्या अध्यायात बजावतो की कृतीविना विश्वास मेलेला आहे. त्याचं उदाहरण झोंबणारं आहे. समोर एखादा उघडा, उपाशी माणूस उभा आहे आणि तुम्ही त्याला देत काहीच नाही, नुसतं म्हणता की जा, ऊब घे, पोटभर जेव. याचा उपयोग काय? पुढे तो म्हणतो, देव एकच आहे हे तर भुतंही मानतात आणि थरथरतात.

कडी म्हणजे दोघेही साक्षीदार म्हणून एकालाच उभं करतात: अब्राहाम. पौल उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जिथे अब्राहामाने देवाच्या वचनावर भरवसा ठेवला. याकोब त्याच वचनाची पूर्तता २२ व्या अध्यायात बघतो, जिथे अब्राहाम मुलाला वेदीपर्यंत नेतो.

मग खरं कोण? बहुतेक अभ्यासक सांगतात की दोघांच्या डोळ्यांसमोर वेगळे लोक होते. पौलाच्या काळात वाद होता की यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता, खाण्यापिण्याचे नियम वगैरे पाळायलाच हवेत का. तो म्हणाला, नाही. दारात पाऊल ठेवण्यासाठी ही तिकिटं नकोत. याकोबासमोर होते ते आधीच आत आलेले आणि आता हातपाय न हलवणारे लोक. पौल काय नाही हे सांगतो तेव्हाही तो तिथे थांबत नाही. इफिसकरांच्या पत्रात कृपेच्या वाक्यांना लागूनच, लगेच दहाव्या वचनात, माणूस सत्कृत्यांसाठीच घडवला गेला आहे असं म्हटलं आहे. सोशल मीडियावर आठवं आणि नववं वचन भरपूर फिरतं, दहावं फारसं कोणी टाकत नाही.

ल्यूथर, ट्रेंट आणि ४८२ वर्षं

पाचव्या शतकात पेलागियसने म्हटलं की माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने चांगलं वागू शकतो. ऑगस्टीनने त्याला कडाडून विरोध केला आणि चर्च ऑगस्टीनच्या बाजूने गेलं. खरा स्फोट झाला तो १५१७ मध्ये. पापाची शिक्षा कमी करून देणारी प्रमाणपत्रं पैसे घेऊन विकली जात होती, त्याविरुद्ध मार्टिन ल्यूथर उभा राहिला. त्याने ‘केवळ विश्वासाने’ हे सूत्र मांडलं. बायबलचं जर्मन भाषांतर करताना रोमकरांच्या पत्रात मुळात नसलेला ‘केवळ’ हा शब्द त्याने घातला आणि याकोबाच्या पत्राला गवताची उपमा देऊन ठेवली. योगायोगाने ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी जोडीने येतात, आणि ते याकोबाच्या पत्रात, तेही नकारासह.

कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं. सुरुवात कृपेनेच होते हे त्यांनाही मान्य होतं, पण त्या कृपेला माणूस साथ देतो आणि त्याची कृती त्या वाढीचा भाग असते, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडच्या वाचकाला हा फरक दक्षिणेतल्या रामानुज संप्रदायातून पटकन कळेल. तिथे याच प्रश्नावर दोन शाखा झाल्या. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तो मर्कटन्याय, वडकलै शाखेचा. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारन्याय, तेंकलै शाखेचा. उपमा तंतोतंत बसत नाही, पण प्रश्न तोच आहे.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारण कृपेने आहे, आपल्या गुणवत्तेने नाही, आणि सत्कृत्यं हे त्याचं फळ आहे, या मुद्द्यांवर त्यांचं एकमत झालं. ल्यूथरच्या त्या ३१ ऑक्टोबरपासून मोजलं तर ४८२ वर्षं. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसही त्यात सामील झाली. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण एकमेकांना शाप देणं थांबलं.

रमाबाई: आधी कृती पाहिली

पंडिता रमाबाईंनी हा वाद पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिला. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला. कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत फिरलं. पुराणं सांगितली, उपास केले, दानधर्म केला, जवळचं सगळं त्यात संपलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले. रमाबाईंनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहिलं की एवढं सगळं करूनही देवाने ऐकलं असं काही दिसलं नाही. हे त्यांचं म्हणणं आहे, त्यांच्या दुःखातून आलेलं. ते हिंदू धर्माबद्दलचा अंतिम निवाडा म्हणून वाचायची गरज नाही, पण त्या कशाच्या शोधात होत्या हे समजायला ते वाचावंच लागतं.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या. या जोगिणींचं लंडनमधल्या फुलहॅम इथे एक केंद्र होतं, जिथे समाजाने टाकलेल्या बायकांना आसरा मिळे. रमाबाईंनी असं काही कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे अशा स्त्रीला दयेची दृष्टीही मिळत नाही, मग या बायका त्यांची सेवा का करतात, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगण्यात आली, जिच्याशी येशू विहिरीवर बोलला. म्हणजे क्रम असा झाला: आधी कृती दिसली, तिच्या मागे विश्वास दिसला, आणि त्याच्या मागे कृपेची गोष्ट. धर्मशास्त्राची पुस्तकं क्रम उलटा लावतात. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आज्ञाधारक शिष्या मात्र त्या झाल्या नाहीत. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये कशासाठी, संस्कृतमध्ये का नकोत, असं त्या विचारत. चर्चची शिकवण जशीच्या तशी गिळायला त्यांनी नकार दिला आणि सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून दीर्घ वाद घातला.

मग आली कामाची वर्षं. अमेरिकेचा दौरा, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे १८८७ चं पुस्तक, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. पुढे ते पुण्याला हललं. नाव झालं होतं, संस्था उभी होती, हातून चांगलं काम होत होतं. आणि तरीही, रमाबाईंनी नंतर लिहिलं, काहीतरी सापडलं नव्हतं. विल्यम हॅसलम नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा हॅसलम पाद्री म्हणून वर्षानुवर्षं काम करत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच चर्चमध्ये प्रवचन देता देता त्याचा स्वतःचा कायापालट झाला. रमाबाईंना हे वाचून चपराक बसली. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त नाही. धर्मांतरही आपण एक कर्म म्हणूनच केलं होतं. आपण चांगल्या झालो की देव स्वीकारेल, हा जुनाच हिशेब नव्या वहीत लिहिला होता.

कृपा या शब्दाचा अर्थ इथे नेमका कळतो. ज्याच्याकडे पुण्य कमी आहे त्याच्यासाठीची ती सवलत नाही. रमाबाईंकडे काम मुबलक होतं. त्या कामाच्या भरवशावर उभं राहणं त्यांना सोडावं लागलं.

कृपासदन

यानंतर त्या स्वस्थ बसल्या असत्या तर टीकाकारांचं म्हणणं खरं ठरलं असतं. झालं उलटं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना पुण्याजवळ केडगावच्या माळावर ठेवलं. ते मुक्ती मिशन. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना, सगळं त्याच चालवत. अंधांसाठी बार्तीमी सदन होतं. वृद्ध आणि अपंगांसाठी प्रीतीसदन. आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी जे घर होतं, फुलहॅमसारखं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं कृपासदन.

खर्च चालायचा कसा? रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. तो अनाथालयासाठी कोणाकडे पैसे मागत नसे, प्रार्थना करी. रमाबाईही त्याच मार्गाने गेल्या. पण त्यांचा विश्वास खाटल्यावरचा नव्हता. विहिरी खणल्या जात होत्या, मुली हातमाग शिकत होत्या.

या कामावर सावलीही आहे, ती लपवून चालणार नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’ने तोफ डागली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळ सोडलं. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, दार उघडं होतं, बळजबरी नव्हती. टीकाकारांचं म्हणणं, निराधार मुलीसमोर उघडं दार हीच बळजबरी असते. दुष्काळात अन्न देणारा धर्मही सांगू लागला की हा प्रश्न येतोच, आणि खुद्द कृपेची व्याख्या तो अधिक टोकदार करते. कृपा खरोखर बिनशर्त असेल तर भाकरीच्या मोबदल्यात विश्वास मागता येत नाही. मग भाकरी हाही सौदा होतो. रमाबाईंच्या हेतूवर शंका घ्यायला पुरावा नाही, पण प्रश्न त्यांच्या विरोधकांनी रास्त विचारला होता.

शेवटच्या क्षणीचा पश्चात्ताप

आणखी एक शंका नेहमी येते. आयुष्यभर वाईट वागून शेवटी माफी मागितली की झालं का? ख्रिस्ती उत्तर ‘हो’ असंच आहे. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या बाजूला क्रूसावर टांगलेल्या गुन्हेगाराला ती माफी मिळते, आणि त्याच्याकडे नंतर सत्कृत्यं करायला वेळही उरलेला नसतो. पण आधीच हिशेब करून ‘शेवटी माफी मागू’ असं ठरवणारा माणूस भरवसा टाकत नसतो, पळवाट काढत असतो. जर्मन धर्मचिंतक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये अशा कृपेला ‘स्वस्त कृपा’ म्हटलं. नाझींना विरोध केल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी झाली.

टिळकांनी पगार सोडला

रत्नागिरी जिल्ह्याने या विषयाला आणखी एक माणूस दिला आहे. कवी नारायण वामन टिळक, जन्म १८६१, करजगाव. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची वाट रमाबाईंपेक्षा वेगळी होती. मागचं सगळं मोडून ते आले नाहीत. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. स्वतःची लायकी नाही हे ओळखून देवाच्या कृपेसाठी तळमळणं त्यांना अभंगांतून आधीच माहीत होतं.

अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. मग १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार नाकारला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. धर्माचं काम पगारावर करणं त्यांना खटकू लागलं होतं. फुकट मिळालेलं फुकटच द्यायचं असेल तर मस्टरवर सही कशी करायची, असा काहीसा तो पेच. घरात पैशांची आवक कशी होणार याची चिंता अर्थातच लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. टिळकांच्या अशा निर्णयांची किंमत घरात कशी मोजली जाई, ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हसत-हसवत लिहून ठेवलं आहे.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येशूचं चरित्र सांगणारं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरं राहिलं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय लिहून ते पुरं केलं.